सुपीरिअरच्या काठाकाठाने : दोघांचा पाच दिवसांचा प्रवास

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय दिला होता 'अमेरिकेचा प्रवास'. वेळ दिली अर्धा तास. एवढ्या वेळात अमेरिका उरकणं मला जमणार नाही. म्हणून मी एकाच रस्त्याबद्दल आणि एकाच तलावाबद्दल बोलणार आहे. आपण ठाणेकर म्हणजे तलावाचीच माणसं. तलावपाळीला एक फेरी मारली की संध्याकाळ सत्कारणी लागली असं आपण समजतो. तर हा त्याच जातीचा, पण जरा मोठा तलाव.

आपल्या कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी निम्म्याअधिक मंडळींची मुलं बाहेरदेशी आहेत. आपण त्यांच्याकडे जातो, नातवंडं सांभाळतो, शनिवार-रविवार मुलं नेतील तिकडे मागच्या सीटवर बसून जातो, आणि सहा महिने संपले की परत येतो. त्यात वाईट काही नाही. मुलं प्रेमानेच नेतात. पण माझं म्हणणं असं, की त्या सहा महिन्यांतले चार-पाच दिवस आपल्या दोघांसाठी वेगळे मागून घ्यावेत. का, ते हा प्रवास ऐकल्यावर तुमचं तुम्हीच ठरवा.

आमचा मुलगा मिनिॲपोलिसला असतो. तिथून उत्तरेला साधारण अडीचशे किलोमीटरवर डुलुथ नावाचं बंदर आहे. तिथे 'लेक सुपीरिअर' सुरू होतो. गोड्या पाण्याच्या तलावांमध्ये पृष्ठभागाच्या हिशेबाने जगातला सगळ्यात मोठा. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर. आपला रत्नागिरी जिल्हा ८,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे दहा रत्नागिरी जिल्हे शेजारी शेजारी मांडा आणि वर पाणी भरा. लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या वर, जास्तीत जास्त खोली ४०६ मीटर. 'सुपीरिअर' म्हणजे श्रेष्ठ असं आपल्याला वाटतं, पण फ्रेंच लोकांनी नाव दिलं ते 'वरचा तलाव' या साध्या अर्थाने. पाच मोठ्या तलावांपैकी हा सगळ्यात वरचा. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला 'गिचिगामी' म्हणतात, म्हणजे मोठा समुद्र. ते नाव मला जास्त पटलं.

डुलुथपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत या तलावाच्या उत्तर काठाने हायवे ६१ जातो. साधारण दीडशे मैल, म्हणजे २४० किलोमीटर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जंगलाचा डोंगर. हा रस्ता आम्ही दोघांनी पाच दिवसांत केला.

आता मुख्य प्रश्न. गाडी कोणी चालवली?

तुम्हाला माहीत आहे, मला काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं, कडेचं कमी होत चाललंय. पाच-सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने मी गाडीची किल्ली ठेवून दिली. त्यानंतर आमच्या सौभाग्यवतींनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आपल्या बी विंगच्या दोन खांबांमधून ती रोज गाडी काढते. त्या खांबांचा पिवळा रंग इथल्या किती गाड्यांवर लागलाय ते मी मोजलंय, नावं घेत नाही. आमच्या गाडीवर नाही, एवढंच सांगतो.

तरी अमेरिकेत सासष्टाव्या वर्षी? मुलगा म्हणाला, "आई, मी रजा काढतो, आपण सगळेच जाऊ." सून म्हणाली, "निदान बाबांना तरी घरी ठेवा." सौ. म्हणाली, "त्यांना ठेवून मी कशाला जाऊ? नकाशा कोण वाचणार?" विषय संपला.

तयारी मात्र रीतसर केली. इथून निघतानाच आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना घेतला होता, सोबत आपलं मूळ लायसन. मुलाने विमा कंपनीला फोन करून आईचं नाव चालक म्हणून लावून घेतलं. मग दोन रविवार सकाळी देवळाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव. तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि वाहतूक उजवीकडून. गंमत अशी की दांड्याही उलट्या. वळायचा दिवा द्यायला जावं तर वायपर चालू होतो. पहिल्या रविवारी स्वच्छ उन्हात आमची काच बारा-पंधरा वेळा पुसून निघाली. दुसऱ्या रविवारी एकदाच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. पहिला दिवस डुलुथपर्यंतच. शहरात उतरताना एका वळणावर एकदम पाणी दिसतं. सौ. म्हणाली, "याला तळं म्हणायचं?" पलीकडचा काठ दिसत नाही, क्षितिजावर जहाज उभं. फरक एकच, वाऱ्याला मिठाचा वास नाही. थंडी मात्र भरपूर. शहराच्या वरच्या भागात लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि खाली काठावर आम्ही स्वेटर शोधत होतो. तिथे उन्हाळ्याच्या हवामान अंदाजात 'तलावाजवळ गारवा' हे शब्द ठरलेलेच असतात.

डुलुथमध्ये एक उचलता पूल आहे. १९०५ साली बांधलेला, नंतर १९२९-३० मध्ये उचलता केलेला. जहाज आलं की रस्त्याचा अख्खा तुकडा आडवाच्या आडवा वर जातो, १३५ फूट. जहाज भोंगा देतं, पूल भोंग्यानेच उत्तर देतो. हजार फूट लांबीचं जहाज अरुंद कालव्यातून इतकं जवळून जातं, की खलाशाने हात हलवला तर त्याचा चेहरा दिसतो. त्यात भरलेलं असतं लोखंडाचं खनिज, गोळ्यांच्या रूपात. इथून चार मोठे तलाव पार करत माल थेट अटलांटिकपर्यंत जाऊ शकतो, कारण १९५९ साली सेंट लॉरेन्स जलमार्ग सुरू झाला. आम्ही त्या कालव्याच्या भिंतीवर दीड तास बसलो. मुलाबरोबर असतो तर वीस मिनिटांत "चला" झालं असतं. दोष त्याचा नाही, त्याला सोमवारी ऑफिस असतं.

दुसऱ्या दिवशी खरा काठाचा रस्ता सुरू झाला. जाताना तलाव उजव्या हाताला, म्हणजे माझ्या खिडकीशी. मी बघायचं आणि तिला सांगायचं, असं ठरलं होतं.

पहिलं गाव टू हार्बर्स. इथल्या धक्क्यांवरून १८८४ पासून खनिज जातंय. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला या गावात एक वेगळीच गोष्ट सापडते. १९०२ साली इथे पाच जणांनी एक कंपनी काढली. धार लावायच्या दगडासाठी लागणारं कुरुंद इथे खाणीत आहे असा त्यांचा समज. निघाला दुसराच, कुचकामी दगड. अशा कंपनीला कोणत्याही शाखाधिकाऱ्याने कर्ज नाकारलं असतं. ती कंपनी पुढे सँडपेपरच्या धंद्यात शिरली, चिकटपट्ट्या काढू लागली. आज आपण तिला थ्रीएम म्हणून ओळखतो.

पुढे गूजबेरी धबधबा. हायवेवरच गाडी लावायची, पाच-दहा मिनिटं चालायचं, की समोर पाणी. रस्ता पक्का आहे, गुडघ्यांना त्रास नाही. तिथे खाली उतरल्यावर मी थबकलो. काळा, थराथरांचा दगड. अहो, हा तर आपला घाट! मागाहून माहिती वाचली, तर खरंच बेसॉल्ट. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर. आपल्या दख्खनचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्यांचा एकशे दहा कोटी वर्षांचा. म्हणजे आपला सह्याद्री त्यांच्यापुढे बाळच. आपल्याकडे त्या दगडाच्या पोकळ्यांत अकीक सापडतो, तसा तिथेही. तांबूस, रेघारेघांचा. काठावरच्या गोट्यांत तो शोधत लोक तासन् तास वाकून चालतात. सौ.ला एक मिळाला, सुपारीएवढा. पण पार्कमधले दगड उचलायचे नसतात, म्हणून बघून, मला दाखवून तिने तो परत ठेवला.

मग स्प्लिट रॉक दीपगृह. याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. २८ नोव्हेंबर १९०५ ला या तलावावर भयंकर वादळ झालं. 'मटाफा' नावाचं जहाज डुलुथच्या बंदरात शिरताना धक्क्याला आदळलं आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर फुटलं. हजारो लोक काठावर शेकोट्या पेटवून रात्रभर उभे होते, पण जाता येईना. नऊ खलाशी डोळ्यांदेखत गेले. त्या वादळात पुष्कळ जहाजांचं नुकसान झालं. जहाजमालकांनी सरकारकडे लकडा लावला, ७५ हजार डॉलर मंजूर झाले आणि १९१० साली या कड्यावर दिवा लागला. तेव्हा इथे रस्ताच नव्हता. विटा, लोखंड, भिंगं, सगळं बोटीने आणून वाफेच्या यारीने कड्यावर ओढलं. दर दहा सेकंदांनी एक झोत, असा तो दिवा १९६९ पर्यंत चालला. आता तिथे संग्रहालय आहे.

वर्षातून एकदा, १० नोव्हेंबरला, तिथे कार्यक्रम होतो. १९७५ साली त्या तारखेला 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे मोठं मालवाहू जहाज वादळात बुडालं. २९ माणसं होती, एकही वाचला नाही. त्या दिवशी एकेकाचं नाव वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल देतात, आणि मग दिवा पुन्हा लावतात. आम्ही जूनमध्ये गेलो, तेव्हा ते बघायला मिळालं नाही. पण तिथल्या मार्गदर्शक मुलीने सांगितलं ते ऐकताना सौ.ने माझी बाही धरली होती, ती जिना उतरेपर्यंत सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी सिल्व्हर बे. गाव लहान, पण सोसायटीच्या सभासदांनी ऐकावं असं. इथल्या खनिज कारखान्यातून १९५५ पासून रोज सुमारे ६७ हजार टन दगडाचा भुगा सरळ तलावात टाकत होते. एवढा मोठा तलाव, कुठे कळणार? १९७३ मध्ये डुलुथच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू सापडले. मोठा खटला झाला. न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी १९७४ मध्ये कारखाना बंद करण्याचा हुकूम दिला, वरच्या कोर्टाने तो थांबवला, आणि शेवटी १९८० मध्ये भुगा जमिनीवर टाकायला सुरुवात झाली. कारखाना बंद झाला नाही आणि पाण्यात टाकणंही थांबलं. आपल्या गच्चीवरची टाकी असो की ८२ हजार चौरस किलोमीटरचा तलाव, 'एवढ्याने काय होतं' हे वाक्य सगळीकडे सारखंच महागात पडतं.

पुढे पॅलिसेड हेड नावाचा उंच कडा आहे. वर जायला अरुंद चढाचा रस्ता. सौ.ने गाडी पहिल्या गिअरच्या वेगाने वर घेतली, समोरून गाडी आली तेव्हा शांतपणे थांबून वाट दिली. वर सगळीकडे कठडा नाही. मला कडेचं दिसत नाही, म्हणून मी काठापासून चांगला लांब, एका दगडावर बसलो. ती शेजारी बसली. खाली तीनशे फुटांवर पाणी, इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसत होते.

तिथे मला एक गोष्ट लक्षात आली. इतर ठिकाणी मी मान सारखी वळवत असतो, काही सुटायला नको म्हणून. इथे ते करायचं काही कारणच नव्हतं. हा तलाव कोणाच्याच नजरेत मावत नाही. धडधाकट डोळ्यांचा माणूसही त्याचा एक तुकडाच बघतो. तिथे तुमची आणि माझी नजर सारखीच.

वाटेत एक नदी लागते, टेंपरन्स रिव्हर. टेंपरन्स म्हणजे दारूबंदी. नद्यांच्या मुखाशी वाळूचा बांध असतो, त्याला इंग्रजीत 'बार' म्हणतात. या नदीला तसा 'बार' नाही, म्हणून नाव टेंपरन्स! नाव ठेवणारा नक्की आपल्या कट्ट्यावरचा असणार.

मुक्काम ग्रँड मरे या गावी. वस्ती जेमतेम तेराशे. गोल बंदर, मध्ये होड्या, टोकाला खडकांची एक जीभ पाण्यात गेलेली. जूनमध्ये तिथे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. आम्ही खडकावर बसून घरून आणलेले ठेपले आणि लोणचं खात होतो. सौ. एकदम म्हणाली, "अहो, तुम्हाला खरं किती दिसतं आता?"

तुम्हाला वाटेल, एवढ्या वर्षांत हे बोलणं झालं नसेल का? डॉक्टरांकडे ती बरोबर येते, थेंब तीच घालते. पण घरी दाराची बेल वाजते, फोन येतो, नातू येतो. हा प्रश्न असा समोरासमोर निघालाच नव्हता. तीन दिवस गाडीत शेजारी बसून, दोघंही समोर बघत बोलत होतो, त्याने बहुधा वाट मोकळी झाली असावी. मी तिला हाताने दाखवलं. इथपासून इथपर्यंत स्वच्छ, इथून पुढे अंधूक, आणि इथे काही नाही. तिने तिचा हात माझ्या हाताशी लावून बघितला, किती ते. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरंच आहे की. मग आता यादी करू या, कुठे कुठे जायचं त्याची. गाडी मी चालवते." मी कागद काढला. अकरा ठिकाणं झाली. त्यांतली दोन आतापर्यंत झाली आहेत.

चौथ्या दिवशी ग्रँड पोर्टेज. ओजिब्वे लोकांचा हा प्रदेश. इथे पिजन नदीवर १२० फुटांचा धबधबा आहे, नदीच्या पलीकडे कॅनडा. लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता अर्ध्या मैलात धबधब्यापर्यंत नेतो, व्हीलचेअरसुद्धा जाते. नदी अशी उड्या मारते म्हणून जुन्या काळी केसाळ कातड्यांचे व्यापारी होड्या आणि माल खांद्यावर घेऊन साडेआठ मैल चालत. एक गाठोडं नव्वद पौंडांचं, आणि प्रत्येक माणूस अशी दोन उचलायचा. म्हणजे ८०-८२ किलो! ही वाट मूळची ओजिब्वे लोकांची, व्यापारी नंतर आले. आज तिथलं पार्क राज्य सरकार आणि ओजिब्वे पंचायत मिळून चालवतात.

पाचव्या दिवशी परतीचा रस्ता. आता तलाव डाव्या हाताला, तिच्या खिडकीशी. पण ती चालवणार, तिला बघता कसं येणार? म्हणून परतताना आम्ही जास्त थांबलो. दिसेल त्या थांब्यावर गाडी लावायची आणि तिने पोटभर बघायचं. सगळे मिळून हजार किलोमीटर झाले असतील. गाडीला ओरखडा नाही. मुलाने दिवाखोलीच्या उजेडात सगळ्या बाजूंनी तपासली, मग आईला मिठी मारली.

आता जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी, हिशेबनीस माणूस आहे म्हणून.

एक, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. फक्त पहिला आणि शेवटचा दिवस मोठा होतो. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात.

दोन, पेट्रोलपंपावर आपलं आपण भरायचं असतं. यंत्र कार्डाबरोबर तिथला पिनकोड विचारतं आणि आपलं कार्ड नाकारतं. घाबरू नका, आत जाऊन काउंटरवर पैसे भरा.

तीन, राज्याच्या पार्कांना गाडीमागे पास लागतो; आम्ही गेलो तेव्हा दिवसाचा सात डॉलर होता, वर्षाचा पस्तीस. पाच दिवस पार्कात जाणाऱ्याला तेव्हा दोन्ही सारखंच पडायचं. एकाच दिवसाच्या पासावर त्या दिवसातली सगळी पार्कं होतात.

चार, प्रवासातला वैद्यकीय विमा, औषधं दुप्पट, आणि डोळ्यांचे थेंब दोघांच्या वेगवेगळ्या पिशव्यांत. स्वेटर जूनमध्येही. डासांचं मलम विसरू नका.

आणि ज्यांना तिथे गाडी चालवायची नसेल, त्यांनी मुलांना सांगून डुलुथला दोन दिवस खोली घ्या. मुलं सोडायला येतील, न्यायला येतील. मधले दोन दिवस मात्र तुमचे दोघांचे. एकटे असाल, तर कट्ट्यावरचा कोणी सोबती घ्या. परदेशच पाहिजे असंही नाही. आपल्याकडेही रस्ते आहेत, आणि आमच्या यादीतली उरलेली नऊ ठिकाणं भारतातलीच आहेत. पुढचं कोयनेचं आहे. मागच्या सीटवर दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी सौ.कडे नाव द्यावं, कारण गाडी तिची आहे.